वारंगा फाट्यावरचा सूर्य

शिरड शहापुरात नवरा विजयकुमार सोडला तर सुमेईला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि तेही नाव अर्धंच घ्यायचं. सासू नर्मदाबाई तिला ‘सुमे’ म्हणायच्या. लग्नात विजयकुमारनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘साधना’ असं लिहिलं होतं. पण तांदूळ गोळा झाले तसं ते नावही गेलं, पत्रिकेपुरतं उरलं. बाकी गावाला ती ‘डाक्टरची चायनावाली’. बाया तोंडावर ‘डाक्टरीणबाई’ म्हणायच्या आणि पाठ फिरली की चायनावाली. बरीच वर्षं झाली होती, पण सवय झाली म्हणावं तर तसंही नव्हतं.

विजयकुमार हा मसाजींचा थोरला मुलगा. मसाजी धनगर, थोडं रान, बाकी जीव सगळा मेंढरांत. पोरगं हुशार निघालं, इथल्या कॉलेजात नंबर थोडक्यात हुकला, म्हणून डॉक्टरकी शिकायला चीनला गेलं. यीचांग नावाचं शहर, मोठ्या नदीच्या काठी. त्याच विद्यापीठात सुमेई चित्रकला शिकत होती. वर्गाला चित्रासाठी समोर बसायला माणूस लागायचा. परदेशी विद्यार्थी यायचे आणि जरा वेळात चुळबुळ करायला लागायचे. विजयकुमार मात्र मेंढरं राखायला बसावं तसा बसून राहिला. ना हलला, ना बोलला. ओळख तिथली.

सुमेईच्या हातात कुंचला आला तो आजोबांकडून. नव्या वर्षाला गल्लीतल्या दारांवर लावायच्या लाल कागदांवर आजोबा शाईनं अक्षरं लिहून द्यायचे. यीचांगला नदीवर धुकं उतरायचं आणि समोरचा डोंगर निम्माच दिसायचा. आजोबा सांगायचे, धुकं रंगवायचं नसतं, त्याच्यासाठी कागद सोडायचा असतो. आणि कागद सोडणं हे रेघ ओढण्यापेक्षा अवघड. कॉलेजात मात्र सगळी पाश्चात्त्य तालीम. प्लास्टरची मुंडकी, कोळशानं छायाप्रकाश, तैलरंग, हाडं आणि स्नायू. तिला तेही मनापासून आवडलं. माणसाच्या अंगाला वजन असतं, उजेड एका बाजूनं येतो, यात खोटं काय होतं? मग तिनं दोन्ही एकत्र नांदवायला घेतलं. शाई आजोबांची, सोडलेली जागा आजोबांची, आणि त्या जागेत उभं राहणारं माणूस किंवा जनावर मात्र भरीव, सावली टाकणारं. शाईच्या शिक्षकांनी सांगितलं, तुझ्या चित्रात सावल्या फार. तैलरंगाच्या शिक्षकांनी सांगितलं, तुझा कॅनव्हास रिकामा फार. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि आपलंच केलं.

शिरडला आल्यावर आधी हवेनंच तिच्याशी वैर धरलं. यीचांगला शाईचा ओघळ वाळायला निम्मा दिवस लागायचा. इथं एप्रिलात कुंचला कागदाच्या या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत मागची रेघ कोरडी ठणठणीत. सोबत आणलेला तलम कागद संपला. हिंगोलीच्या दुकानातला ड्रॉइंगचा कागद शाई पिईना. शाई त्याच्यावर तव्यावरच्या पाण्यासारखी नाचायची. घरून कागद मागवावा तर कोरोना आला आणि तिकडून येणाऱ्या मालाची वाट बंद झाली. गिरणीवर दळण घेऊन गेली की बाया लांब सरकायच्या. काही जण येऊन मसाजींना म्हणाले, सुनेला महिनाभर रानातल्या मेंढरांच्या कोठ्यावर ठेवा. नर्मदाबाई पदर खोचून ओट्यावर आल्या.

"ती मपल्या घरात हाय अन् घरातच ऱ्हाईल. ज्याला भ्या वाटतं त्यानं रानात जावं!"

त्या दिवसापासून सुमेईनं सासूचं कुठलंच बोलणं मनाला लावून घेतलं नाही. आणि नर्मदाबाईंचं बोलणं काही थोडंथोडकं नसायचं. भाकरी जाड, पदर डोक्यावर नाही, बोटं कायम काळी. त्याच दिवसांत तिकडं आजोबा गेले. तिला जाता आलं नाही. मोबाईलच्या पडद्यावर तिनं त्यांची माती पाहिली.

विजयकुमारनं दवाखाना टाकला तो वारंगा फाट्यावर. हायवे, वर्दळ, चार गावांची माणसं उतरायची जागा. गाळा पुनमचंदशेठचा. आत भिंतीवर त्यानं कौतुकानं सुमेईचं एक चित्र लावलं: पहाटेच्या धुक्यातून येणारी मेंढरं, काळी-करडी, आणि बाकी सगळा कागद मोकळा. रुख्मिणीबाई नावाची एक म्हातारी औषधाची वाट बघत बराच वेळ त्या चित्राकडं पाहत बसली. मग म्हणाली, "डाक्टर, ह्यो कोनाचा एक्स-रे हाय? छातीत लई कफ दिसून राहिला."

विजयकुमार तिथं हसला, घरी येऊन सांगताना पुन्हा हसला. सुमेईही हसली. पण दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाली, ते चित्र उतरवून आण. तो हो म्हणाला आणि विसरला. विसरला म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

पुनमचंदशेठ फाट्यावर नवं मंगल कार्यालय बांधत होते. गुडघा दाखवायला आले आणि चित्रासमोर थबकले.

"डाक्टरसाब, ही पेंटिंग चायनाची का?"

"माझ्या मिसेसनं काढलीय."

"मंग आपल्या हॉलची मोठी भिंत त्यांनीच करायची! बोला त्यांना. नांदेडपासून हिंगोलीपर्यंत कोनाकडं फॉरेनचा आर्टिस्ट न्हाई."

सुमेईनं ती भिंत पाहिली, मग पावलांनी मोजली. एवढी मोठी जागा तिला आजवर कुणी दिली नव्हती, यीचांगलाही नाही. दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसायची. शेठच्या मनात मोर होता, पालखी होती, मुंडावळ्या बांधलेले नवरानवरी होते. सुमेई म्हणाली, "मेंढी."

"लग्नाच्या हॉलमंदी मेंढ्या?" शेठनी विजयकुमारकडं पाहिलं.

"पाहुणे इथले," सुमेई सावकाश शब्द जुळवत म्हणाली. "त्यांचा सकाळ मी काढते. मामा आणि मेंढी आणि धुका." मामा म्हणजे तिचे सासरे, मसाजी. मराठीतली लिंगं तिला आयुष्यभर छळणार होती. तिच्या भाषेत ती भानगडच नव्हती. पटकन बोलायचं झालं की ती सगळ्या जगाला पुल्लिंगी करून टाकायची.

शेठ मोकळ्या मनाचे. म्हणाले, "काय बी काढा मॅडम, पण मोठं काढा."

तिनं ठरवलं की साध्या रंगाच्या भिंतीवर करायचं नाही. ती चकाकते, शाईला धरत नाही. युरोपातल्या जुन्या चर्चांमध्ये ओल्या चुन्यावर चित्रं काढायची रीत होती. चुना वाळता वाळता रंग पोटात घेतो. कॉलेजात तिनं ते हातभर तुकड्यावर केलं होतं. शाई म्हणजे शेवटी काजळीच, आणि काजळी चुन्याला भीत नाही. आजोबांचा कुंचला आणि परक्या मुलखातली भिंत, असा तो जोड होता. शेठचा गवंडी भावसिंग तांड्यावरचा. चुना म्हटल्यावर तो हसला.

"चुना? आता कोन करतंय बाई. मपल्या बापानं केला आसंल. मी सिमेंटवाला."

पण त्यानं हौद केला, चुना भिजत घातला, बारीक वाळू चाळली. पहिला थर तडकला. दुसरा रात्रीतून पोपडे होऊन खाली आला. तिसऱ्या वेळेला दोघांनी मिळून थर बारीक केला, गोणपाट ओलं करून त्यावर पांघरलं, आणि तो टिकला. मग रोज सकाळी भावसिंग तेवढ्याच भागाला चुना लावायचा जेवढा तिच्यानं दिवसाकाठी होईल. ओल आहे तोवर हात चालवायचा. चूक झाली तर खोडता येत नाही, थर खरवडून पुन्हा लावावा लागतो. सुमेई विजयकुमारच्या मोटारसायकलवर मागं बसून रोज फाट्यावर यायची. दुपारी डबा खायचंही तिला भान नसायचं.

मेंढरांसाठी ती आधी कितीतरी दिवस मसाजींच्या मागं रानात फिरली होती. म्हातारा बोलायला कमी. कागदात डोकावून एवढंच म्हणायचा, "हिला कान काहून न्हाई?" ती सांगायची, कान धुक्यात आहे. मसाजी मान हलवायचे, पटल्यासारखी नव्हे, सुनेला दुखवायला नको म्हणून.

एकदाच रंग घ्यायचं तिच्या मनात आलं. मसाजींच्या फेट्याला पिवळा. हळदीच्या मुलखात पिवळ्याला काय तोटा? नर्मदाबाईंनी डब्यात घरची हळद दिली. सुमेईनं ती कालवून ओल्या चुन्यावर लावली आणि बघता बघता फेटा लालभडक झाला. ती शिडीवरच चिनी भाषेत ओरडली. नर्मदाबाई त्या दिवशी फाट्याच्या बाजाराला म्हणून सोबत आल्या होत्या. त्या हसून हसून खाली बसल्या.

"अगं सुमे, हळदीला चुना लागला की कुकू होतंय! लेकरालाबी ठावं हाय."

"मला पिवळा पाहिजे होता!"

"तुझ्या मामाचा फेटा लालच हाय की. ऱ्हाऊ दे."

तिनं राहू दिला. पंधरवड्यात तो लालही विटकरी पडला. पण त्या दिवसांत ती अशा गोष्टींवरही रागावत नव्हती. हात आणि डोळा एकाच दिशेनं चालत होते, आणि असं तिच्या आयुष्यात फार दिवसांनी होत होतं.

दिवाळी सरता सरता भिंत झाली. उजवीकडून मसाजी काठी खांद्याला लावून चाललेले, अंगावर घोंगडी, एका बाजूनं कोवळा उजेड आणि पायाशी लांब सावली. मागं मेंढरं, लोकर दाट, पाय काटक. जसजसं डावीकडं जावं तसतशी ती विरत गेलेली: एकाचं नुसतं तोंड, एकाची नुसती पाठ. आणि त्याच्या पुढं भिंतीचा मोठा तुकडा पांढरा, कोरा, चुन्याचा. त्या पांढऱ्यातून कळप येत होता. ती जागा सोडायला तिला सगळ्यात जास्त दिवस लागले होते. कुंचला घेऊन समोर उभं राहायचं आणि काही करायचं नाही.

पुनमचंदशेठ आले, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.

"लई भारी मॅडम! म्हातारा तर असा वाटतो की आता बोलंल. आन् ह्या बाजूचं कवा सुरू करता?"

"झालं."

शेठ हसले. मग ती हसत नाही हे पाहून थांबले.

"इथं धुका आहे," सुमेई म्हणाली.

"धुकं बराबर हाय. पण पाहुणे म्हनतील, शेठचा रंग संपला का?"

तिनं समजावलं. शब्द संपल्यावर हातांनी समजावलं. शेठनी मान डोलावली आणि विजयकुमारला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. गाडीवर बसताना विजयकुमार म्हणाला, "मी बघतो. तू काळजी करू नकोस."

तुळशीचं लग्न लागलं, तिथी निघाल्या, आणि कार्यालयातल्या पहिल्या लग्नाला शेठनी डॉक्टरच्या घरच्यांना आवर्जून बोलावलं. मसाजी, नर्मदाबाई, नणंद अंजली, सगळे निघाले. सुमेईनं यीचांगहून आणलेला निळा रेशमी झगा घातला. नर्मदाबाईंनी त्यावर आपली ठुशी तिच्या गळ्यात बांधली.

दारातून आत पाऊल टाकलं आणि ती उभीच राहिली.

पांढरं कुठंच नव्हतं. डावीकडचा सगळा भाग चकचकीत आकाशी निळा झाला होता. त्यात कापसाच्या गाठोड्यांसारखे ढग. मधोमध नारिंगी सूर्य, बैलगाडीच्या चाकाला आरे असावेत तसे त्याला किरण. खाली दोन राजहंस एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. निळा रंग तिच्या मेंढरांच्या अंगावर चढला होता; ज्यांची नुसती तोंडं होती ती आता आभाळात तरंगत होती. आणि खालच्या कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘कलाकार : सौ. साधना विजयकुमार, चायना’.

मसाजी फेटा सावरत पुढं झाले, बारकाईनं पाहिलं आणि म्हणाले, "मेंढरं पान्यात काहून उभी केली? मेंढरू पान्यात उतरत न्हाई." सगळ्यांत तेवढाच एक माणूस तिच्या बाजूचा होता, आणि तोही भलत्याच कारणानं.

पुनमचंदशेठ हात जोडत आले. "या मॅडम, या! कसं वाटलं? तुमचं राहिलेलं काम पुरं करून घेतलं. तुमाला पुना तकलीफ नको म्हनून बाहेरून पेंटर बोलावला."

"हा माझा भिंत नाही," सुमेई म्हणाली.

"आसं कसं? तुमचीच हाय म्हनून तर नाव टाकलंय खाली."

"कोणी सांगितलं, निळा कर?"

शेठ गोंधळले. "डाक्टरसाबला इचारलं होतं की म्या. इचारल्याबिगर हात लावीन का?"

सुमेईनं विजयकुमारकडं पाहिलं. तो वाजंत्रीवाल्यांकडं बघत होता.

बाहेर ट्रक उभे राहायच्या जागेत दोघं समोरासमोर आले. आत सनई सुरू झाली होती. आता बोलणं चिनीत होतं, त्यामुळं येणारेजाणारे फक्त तिचा आवाज ऐकत होते.

"तू हो म्हणालास?"

"ते सारखे फोन करत होते. दवाखाना त्यांच्याच गाळ्यात आहे, सुमेई."

"म्हणून हो म्हणालास?"

"म्हणून नाही." त्यानं बूट मातीत घासला. "मलाही ती बाजू अर्धवटच वाटत होती."

"मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू कुठं थांबतेस ते मला कधीच कळलेलं नाही. मेंढ्या कळतात. माझ्या आबांची चाल कळते. ते पांढरं नाही कळत. आजवर कधी कळलं नाही."

"आजवर सुंदर म्हणत होतास."

"मग काय म्हणायला पाहिजे होतं? तू घरदार, माणसं, भाषा सगळं सोडून इथं आलीस. आणि मी तुला सांगू की बाई, तू जे करतेस ते माझ्या डोक्यावरून जातं?"

सुमेईला रडू आलं नाही. तिला वाटलं होतं की शेठला कळत नाही, रुख्मिणीबाईला कळत नाही, शिक्षकांना कळलं नाही, पण घरात एक जण आहे. तो नव्हता. एवढी वर्षं ती एकटीच होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. आत पंगत बसली तेव्हा ती पानासमोर नुसती बसली. नर्मदाबाई शेजारून म्हणाल्या, "जेव. भिंतीचा राग अन्नावर काढू न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय मोकळं होतं तेव्हा ती भावसिंगला घेऊन तिथं गेली. रंग खरवडून बघायचा होता. एका कोपऱ्यात पत्र्याचं पातं लावलं, आणि निळ्यासोबत चुन्याचा थर, आणि थरासोबत एका मेंढीचं तोंड, भुगा होऊन फरशीवर पडलं. भावसिंग पातं खाली ठेवून म्हणाला, "बाई, हे आता एक झालं. वरचं काढाल तर खालचंबी जाईल." वरून पुन्हा चुना द्यावा म्हटलं तर तेलकट रंगावर तो ठरेना. त्यांनी दुपारपर्यंत खटपट केली. मग ती उठली आणि मोटारसायकलची वाट न बघता जीपनं घरी आली.

पुढं जे झालं त्यानं तिचा संताप आणखीच वाढला. लग्नसराई भरात आली आणि नवरानवरी त्या सूर्यापुढं उभं राहून फोटो काढायला लागले. ते फोटो गावोगाव मोबाईलवर फिरले. अंजली दर दोन दिवसांनी कौतुकानं दाखवायची, "वयनी, बघ, तुझा सूर्य!" दवाखान्यात ‘एक्स-रे’ला नाकं मुरडणारे लोक आता विचारायचे, चायनावालीनं काढलेला सूर्य तो हाच का? एक यूट्यूबवाला माईक घेऊन दारात आला.

"मॅडम, चीनमध्येही असाच सूर्य उगवतो का?"

"तो सूर्य मी नाही काढला."

"म्हणजे देवानं काढून घेतला, असं म्हणायचंय तुम्हाला. वा!"

त्यानं तसंच लावून दिलं.

मग हिंगोलीकडच्या गोरेगावहून ग्यानोबा आले. त्यांचं हॉटेल होतं, नवी भिंत बांधली होती. फेटा काढून ओट्यावर बसले, चहा घेतला, मुद्द्यावर आले. "तसाच सूर्य पायजे. हंस आसले तर बरं, नसले तरी चालंल."

"सूर्य मी करत नाही," सुमेई म्हणाली.

"काहून?"

तिनं आतून शाईची चित्रं आणून त्यांच्यापुढं पसरली. गोरेगावच्या रस्त्यावरची बाभळ, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, पावसाआधीचं मोकळं रान. ग्यानोबांनी एकेक उचलून प्रामाणिकपणे पाहिलं. "ही बाई बराबर हाय. मान बघा कशी ताठ. पन बाकी कागद वाया घालवला की हो."

ते गेल्यावर नर्मदाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "काढून दे की एक सूर्य. हाताला काय झालं? लोकं दारात येऊन राहिलेत, अन् तू त्यांना माघारी लावून राहिली."

"आत्या, तुम्ही दुसऱ्याचा पोरगा स्वतःचा म्हणून मिरवाल?"

नर्मदाबाईंनी भाकरी उलटली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सूर्य म्हंजी काय पोरगं हाय का?" पण परत तो विषय त्यांनी काढला नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सुमेई शाईची बाटली आणि रुंद कुंचला पिशवीत घालून फाट्यावर गेली. कार्यालयात साखरपुड्याची तयारी चालली होती, माणसं खुर्च्या मांडत होती. ती सरळ भिंतीपाशी गेली, खाली बसली, आणि ‘कलाकार’पासून ‘चायना’पर्यंत सगळी अक्षरं काळी करून टाकली. कुणीतरी शेठना बोलावून आणलं. शेठ धावत आले, आणि ती काळी पट्टी बघून त्यांचा चेहराच पडला.

"मॅडम, लोकं नावासाठी मरतात. म्या इज्जतीनं तुमचं नाव लावलं आन् तुमी त्याला काळं फासता? माज्या शुभकार्याच्या भिंतीला?"

"नाव माझा नाही. सूर्य माझा नाही. मेंढी माझा आहे. मामा माझा आहे."

"मंग मेंढीजवळ लिवतो की नाव! सांगायचं तरी एकदा!"

हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. याच्याशी भांडायला तिच्याकडं ना मराठी पुरत होती, ना चिनी. तिनं कुंचला धुतला नाही, तसाच पिशवीत टाकला आणि बाहेर पडली. पिशवीतून शाई ठिबकत राहिली, चपलेवर, रस्त्यावर.

शेठनी त्या काळ्या पट्टीवर ‘सुस्वागतम’चा फलक ठोकून घेतला. दवाखाना काढून घेतला नाही, गुडघा दाखवायलाही येत राहिले. "आर्टिस्ट लोकं डोक्यानं आसलेच आसतात," असं ते सगळ्यांना समजुतीनं सांगायचे. लोकांना ते पटलं. सूर्य तिचाच राहिला.

घरात नवराबायकोचं बोलणं कामापुरतं उरलं. भाजी काय, चावी कुठं. विजयकुमार काहीबाही आणायचा: पुण्याहून मागवलेला हातकागद, कुठून तरी मिळवलेली शाईची कांडी. ती ठेवून घ्यायची. उघडायची नाही.

माघात भावसिंग उरलेल्या चुन्याचं पिंप टेम्पोत घालून घेऊन आला. "शेठ फेकून दे म्हनले. जुना चुना हाय, लोण्यावानी झालाय." तो त्यानं रानातल्या मेंढरांच्या कोठ्यापाशी उतरवला. सुमेई दोन दिवस त्या पिंपाकडं नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं कोठ्याच्या मागच्या भिंतीला पाणी मारलं. नर्मदाबाई म्हणाल्या, त्या भिंतीला शेण लागतं, चुना कशाला? मसाजी म्हणाले, पावसात जाईल. दोघांचंही खरं होतं. तिनं थर द्यायला घेतला.

रविवारी विजयकुमार कोठ्यावर आला आणि तिच्या मागं उभा राहिला. भिंतीवर एकच मेंढरू झालं होतं, मान वळवून मागं बघणारं. बाकी सगळं ओलं पांढरं. पूर्वी अशा वेळी तो ‘सुंदर’ म्हणाला असता.

"इथं काय आहे?" त्यानं पांढऱ्याकडं बोट केलं.

"तुला काय दिसतं?"

"भिंत."

तिचा हात थांबला. तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं. तो घाबरला होता, पण नजर चोरत नव्हता.

"आणि ती कशाकडं बघतेय?" त्यानं मेंढीकडं पाहत विचारलं.

"मला अजून माहीत नाही," सुमेई म्हणाली. चुना कडेनं वाळायला लागला होता, ऊन चढत होतं. "बोलत उभा राहू नको. ओल जाते आहे. हौदातून पाणी आण."

त्यानं बादली उचलली.